मॉडरेट डोंगराची तयारी

“हलू नका! आहात तिथंच उभे राहा! एक पाय जरी उचललात ना, तर बघा!”

बायको ओरडत होती. आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती माझ्यावर इतक्या मोठ्यानं एकदाच ओरडली होती, शिकागोत मी बर्फावरून गाडी मागं घेता घेता शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन उभी केली तेव्हा. तीही पूर्ण गेली नव्हती. पुढची चाकं बाहेरच होती.

मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा होतो, हातात लाटणं. टीव्हीवर डोंगराचा नकाशा लावला होता आणि मोहिमेच्या तिसऱ्या बैठकीत मी सभासदांना लाटण्यानं वाट समजावून देत होतो. सभासद दोन. सोफ्यावर माझा मित्र, निवृत्त डॉक्टर, मांडीवर चिवड्याची बशी घेऊन. खुर्चीत लॅपटॉप उघडून बसलेली आमची नागपूरकर मैत्रीण, चाळिशीची, शहराच्या पाणीखात्यात इंजिनिअर. दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागं, जमिनीकडे बघत होते.

मी वळलो. गॅरेजच्या दारापासून स्वयंपाकघरातून, फ्रिजला वळसा घालून, डायनिंग टेबलाच्या कडेनं थेट माझ्या टाचेपर्यंत पांढऱ्या फरशीवर लाल पावलं उमटली होती. फक्त उजवी. एकाच पायाची लक्ष्मी घरात शिरली असावी तशी.

“अरे वा,” मी म्हणालो, “कोण आलं?”

कुणी हसलं नाही.

एखाद्या अमेरिकन घरात हे उघडकीलाच आलं नसतं. तिथं माणूस बुटांसकट घरात येतो, बुटांसकट पलंगावर आडवा होतो, आणि शेवटी बुटांसकटच पेटीत जातो. आमच्याकडे बूट गॅरेजच्या दाराशी. मोजेही तिथंच, कारण बाहेरच्या मोज्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं हा बायकोच्या राज्यात फाशीचा गुन्हा. नवे बूट पायाला बसावेत म्हणून मी सकाळी दोन मैल चालून आलो होतो. मंडळी आधीच येऊन बसली होती. मग अंधाऱ्या गॅरेजमध्ये घाईघाईनं काळे मोजे ओढून काढले आणि अनवाणी आत शिरलो.

डॉक्टरानं चिवडा बाजूला ठेवला. मला खुर्चीत बसवलं. सोफ्याचा हात धरून, दोन टप्प्यांत, तो खाली बसला आणि माझा पाय त्यानं समोरच्या स्टुलावर ठेवायला लावला.

“दुखतंय?”

सगळे पुरुष दुखणं लपवतात, मीही जन्मभर लपवलं. त्या दिवशी मात्र उलटं केलं. “दुखतंय? अरे जीव जातोय! आई गं! हळू, हळू, मेलो!” असं म्हणून मी डोळे गच्च मिटले आणि खुर्चीचे हात आवळून धरले.

“मी अजून हात लावलेला नाही,” डॉक्टर म्हणाला.

मी डोळे उघडले. तो चष्मा पुसत होता.

तेवढ्यात बायको गॅरेजमधून माझा उजवा बूट घेऊन आली. तिनं तो उलटा केला आणि झटकला. टण्णकन फरशीवर मेलबॉक्सची किल्ली पडली.

ही किल्ली गुरुवारपासून हरवली होती. आम्ही सोफा उलटा केला होता, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातले होते, आणि पोस्टमनच्या चारित्र्यावर मी वीस मिनिटं भाषण दिलं होतं. खिळ्यावरून सुटून ती खालच्या रॅकमधल्या बुटात पडली असणार. म्हणजे शुक्रवारी मी तिच्यावर दोन मैल चाललो. शनिवारी दोन. आणि आज दोन.

“काका,” नागपूरकर हळूच म्हणाली, “तीन दिवस?”

आता मला खरं सांगावं लागणार. खरं सांगायचा माझा सराव कमी, तेव्हा सांभाळून घ्या.

माझे तळवे बधिर आहेत. शुगर वीस वर्षांची, आणि ती पायाच्या बोटांपासून वर चढत आली. सुरुवात शिकागोत झाली. तिथल्या थंडीत सगळ्यांचेच पाय बधिर व्हायचे, डेव्हन ॲव्हेन्यूला गाडी लांब लावून भाजी घेऊन परत येईपर्यंत माझे तर कानसुद्धा गळून पडायचे आणि मी ते कोथिंबिरीच्या पिशवीत घालून घरी आणायचो. त्यामुळे दोष थंडीला दिला. मग निवृत्त झालो, आम्ही ॲरिझोनात आलो, आणि इथं दोष द्यायला थंडी नव्हती.

एका जुलैत आमच्या कॉलनीच्या स्विमिंग पूलवर मी अनवाणी उभा राहून कुणाला तरी माझी कुलंगगडाची गोष्ट सांगत होतो. तळपायाखालचं काँक्रीट असं तापलेलं की पापड टाकला असता तर उलटायच्या आत जळाला असता. पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत पाण्याकडे पळत होती. मी कुलंगचा कडा चढून, उतरून, खालच्या गावात पिठलं खाऊन गोष्ट संपवली तरी तिथंच उभा. एक बाई म्हणाल्या, “काका, तुम्ही योगी आहात.” मी नम्रपणे मान झुकवली. त्या रात्री दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड होते. बायकोला सांगितलं, नवीन चप्पल लागली.

मग ऑक्टोबरात क्लिनिकमध्ये माझी परीक्षा झाली. नर्स हातात नायलॉनचा एक बारीक दोरा घेते, मासे पकडायच्या गळाला असतो तसा, आणि तळपायाला दहा ठिकाणी टोचते. आपण डोळे मिटायचे आणि जाणवलं की ‘यस’ म्हणायचं. मी पहिल्या दोनदा डोळे किलकिले करून पाहिलं. ती साधारण तीन सेकंदांनी टोचत होती. मग मी मनात एक-दोन-तीन मोजून ‘यस’ म्हणत गेलो. इंजिनिअर माणूस, ताल चुकणार नाही अशी खात्री होती. पण तिनं मधे थांबून मुद्दाम शिंक काढली की काय कोण जाणे, दहापैकी चार गुण मिळाले. त्यातला एकही खरा नव्हता.

डॉक्टरीण पोरगी होती, माझ्या मुलीपेक्षा लहान. ती म्हणाली, रोज रात्री पाय तपासा. घरातही अनवाणी चालू नका. खडकाळ वाटा बंद. गाडी चालवताना पेडल जाणवतं का? मी म्हणालो, उत्तम जाणवतं. पेडलवर पाय आहे की नाही ते मी इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचो, पण तिनं आवाजाचं विचारलं नव्हतं.

मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो. वाटलं, आता काहीतरी वाटेल. वाट पाहिली. काही वाटलं नाही. काच खाली केली, वर केली. मग घरी येताना बायकोनं सांगितलेलं दही घेतलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. सनीव्हेलला मुलीला फोनवर म्हणालो, “तुझा बाप घोड्यासारखा आहे.” ती म्हणाली, “बाबा, यू ऑल्वेज से दॅट.”

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. तांबूस, बोडका, माथ्यावर दोन दात असलेला. सहा वर्षं मी भांडी विसळताना तो बघत होतो आणि ‘जाऊ एकदा’ म्हणत होतो. डोंगर कुठं जात नाही असं आपण म्हणतो, आणि ते खरंही असतं. क्लिनिकमधून आल्यावर दही फ्रिजमध्ये ठेवताना मी त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवलं. पाय अजून शाबूत होते, फक्त त्यांच्याकडून बातमी यायची थांबली होती. तेही जायच्या आत एक डोंगर. हा एक झाला की मग मी आयुष्यभर रिक्लायनरमध्ये बसायला तयार होतो.

हे कारण मी कुणाला सांगितलं नाही. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त टाकलं, “चला, डोंगर काढू!” ग्रुपमध्ये अठ्ठावीस माणसं. सव्वीस जणांनी अंगठा वर केला आणि त्यानंतर ती पुन्हा कधी दिसली नाहीत. उरलेले हे दोघं.

पहिल्या बैठकीत आम्ही अडीच तास एकाच शब्दावर भांडलो. वेबसाइटवर त्या वाटेला ‘मॉडरेट’ म्हटलं होतं. जाऊन-येऊन साडेपाच मैल, चढ दीड हजार फूट.

“मॉडरेट म्हणजे कुणाच्या हिशेबानं?” डॉक्टर म्हणाला. “इथं पंच्याहत्तरीच्या बायका मॅरेथॉन पळतात.”

“मॉडरेट म्हणजे वाटेत चहाची टपरी असते,” मी म्हणालो. “डिफिकल्ट म्हणजे नसते. मी कुलंग चढलो तेव्हा…”

“काका, तुमच्या कुलंगावर पाणी होतं,” नागपूरकर म्हणाली. “खडकात टाकी खोदली होती. इथं काही नाही. वर फक्त दगड अन् ऊन. तुम्ही पाण्याचं सांगा, किती लिटर?”

“एक बाटली. आणि डॉक्टरची अर्धी.”

“चार लिटर. प्रत्येकी.” तिनं तक्त्यात लिहूनही टाकलं. ती अशीच आहे. एप्रिलच्या जयंतीला दोनशे माणसांच्या जेवणाची व्यवस्था तीच बघते आणि एक चमचासुद्धा कमी पडत नाही. “आणि अकरा वाजता परत. जिथं असाल तिथून. वर पोचायला दहा पावलं राहिली असली, तरी वापस.”

“दहा पावलं राहिली असताना?”

“तरी वापस.”

“बाप्पा,” डॉक्टर तिचीच नक्कल करत म्हणाला.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होता. चाळीस वर्षं त्यानं लोकांना बधिर केलं आणि पुन्हा शुद्धीवर आणलं. औषधांची पिशवी भरायचं काम त्याच्याकडे दिलं, तर त्यानं एवढी यादी केली की वाटेत वेळ मिळाला तर एखाद्याचं अपेंडिक्स काढून टाकता येईल. खाण्याची यादी माझी. दशम्या, तिळाची चटणी, गूळपोळ्या, उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू, पन्हं. नागपूरकरनं त्याचं वजन काढलं. सोळा पौंड भरलं. माझ्या पाठीवरच्या पाण्यापेक्षा जड.

“काका, ट्रेकला चाललो की मुंजीला?”

बायको या सगळ्यात नव्हती. ती चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, “मला नका ओढू. मी वर जाऊन काय करू? तिथं माझं काय ठेवलंय?” आणि आत जायची. पण रोज संध्याकाळी ती माझे तळवे घासायची. काशाची वाटी, तिला थोडं तूप लावायचं आणि तळपायावर गोल गोल फिरवायची. पाच मिनिटांत तूप काळं होतं. ती म्हणते अंगातली उष्णता उतरते, डॉक्टर म्हणतो काशाचा रंग उतरतो. मला आधीपासून पायाला भयंकर गुदगुल्या. शिकागोत मी इतका हसायचो की वरच्या मजल्यावरचा माणूस काठीनं जमीन ठोकायचा. इथं वर कुणी नाही. मी हसायचो, पाय ओढून घ्यायचो, “बास, बास!” ओरडायचो. दीड वर्ष मी तिच्या हाताकडे बघून हसत होतो. वाटी खोलगट भागात आली की हसायचं. टाचेवर गेली की दम घ्यायचा. एकदाही चुकलो नव्हतो.

तर त्या रविवारी डॉक्टर माझ्या पायाशी बसला होता. त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपणाकडची बाजू अंगठ्याला लावली. मग करंगळीला. मग टाचेला. डोळे मिटायला सांगितलं नाही, मिटायची गरज नव्हती. मी त्याच्या डोक्यावरचं टक्कल बघत होतो.

“कुठं लावलंय?”

“तळव्याला.”

“काढून घेतलंय,” तो म्हणाला. मग पेन खिशात ठेवत, “अरे गाढवा, माझा धंदा हा. तू मला नाही सांगितलंस?”

मी म्हणालो, “तुझी फी परवडली नसती.”

बायको फरशी पुसत होती. बादली, फडकं, फिनेल. एकेक पाऊल पुसत ती गॅरेजकडे चालली होती आणि तिची पाठ आमच्याकडे होती.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“दीड वर्ष असेल. थोडं आधीपासूनही.”

फडकं पिळल्याचा आवाज आला.

“मग वाटी फिरवते तेव्हा हसता ते?”

माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं तयार असतात, दोन खोटी आणि एक त्याहून खोटं. त्या वेळी मी स्टुलावरच्या पायाची बोटं मोजत बसलो. नागपूरकर लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. डॉक्टर जखम धूत होता आणि पाणी गार आहे की कोमट तेही मला माहीत नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी बघत होतो, वाटतंय का म्हणून. आतही बहुतेक तसंच झालं होतं, कुणीतरी टोचत होतं आणि मी मोजत होतो.

बायकोनं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं. ती पुढच्या पावलाकडे सरकली.

“डोंगर कॅन्सल,” डॉक्टर म्हणाला. “जखम भरायला महिना. नंतरही याला वाटेवर सोडणार नाही मी. पाय कापायची वेळ येते अशानं, चेष्टा नाही ही.”

“तुम्ही जा,” मी म्हणालो. “सगळी तयारी झाली आहे. दोघं जा.”

“दोघं नाही जायचं,” नागपूरकर म्हणाली. “कमीत कमी तीन. एकाला काही झालं तर एक जण थांबतो अन् एक मदतीला जातो. आणि काका, तुम्ही ट्रेलहेडपर्यंत, वाट सुरू होते तिथवर, येऊ शकता. गाडीत बसा. आम्ही एक वाजेपर्यंत खाली नाही आलो तर तुम्ही नाइन-वन-वन करायचं. ते पण कामच आहे.” तिनं तक्त्यात माझं नाव ‘समिट’च्या रकान्यातून उचललं आणि ‘पार्किंग’च्या रकान्यात टाकलं. एवढंच. एक बोट हललं.

“तिसरं कोण मग?” डॉक्टर म्हणाला.

“माझं नाव लिही,” बायको म्हणाली.

ती गॅरेजच्या दारापर्यंत पोचली होती. पहिलं पाऊल पुसून झालं होतं.

“वहिनी, दीड हजार फूट आहे.”

“असू दे.”

“आणि ऊन…”

“लिही म्हटलं ना.”

ही बाई आमच्या लग्नात हॉलचा जिना चढताना दोनदा थांबली होती. एका मजल्याचा जिना. मी तेव्हा म्हणालोही होतो, उचलून घेऊ का, आणि तिचे वडील माझ्याकडे असे बघत राहिले की लग्न मोडतंय असं वाटलं.

पुढचा महिना ती चालली. रोज सकाळी सहाला, कॉलनीच्या मागच्या टेकाडावर, माझी जुनी टोपी घालून. मी रिक्लायनरमध्ये पाय वर करून, पायात चंद्रावर उतरायला घालतात तसला बूट, आणि आल्या आल्या तिला सूचना द्यायचो. श्वास नाकानं घे. उतरताना गुडघा वाकव. काठी चढाच्या बाजूला ठेव. ती हो म्हणायची आणि पोहे करायला जायची. गाडीच्या किल्ल्या तिनं तिच्या पर्समध्ये ठेवल्या, काही न बोलता. काशाची वाटी कपाटात गेली. रात्री ती हातात आरसा आणि टॉर्च घेऊन माझे तळवे बघायची, टाचेपासून बोटांच्या फटींपर्यंत, मग आरसा पुसून ठेवायची. आम्ही एकमेकांशी नीट बोलत होतो. भाजी काय, गॅस बंद केला का, मुलीचा फोन आला होता का. ती चिडली असती तर मी तिला हसवलं असतं. तेवढं मला येतं.

जायचा दिवस मार्चमधला. पहाटे साडेपाचला निघालो, आमच्याच गाडीतून. नागपूरकर चालवत होती, मी तिच्या शेजारी. वाटेत मी त्यांना वाळवंटातल्या धोक्यांवर व्याख्यान दिलं. इथले विंचू इतके मोठे की पार्किंगचं तिकीट काढतात, इथले निवडुंग माणूस जवळून गेला की काटे उडवून मारतात. डॉक्टर हसला. त्याला हसावंसं वाटत होतं की नाही माहीत नाही, पण तो हसला.

पार्किंगमध्ये पाच-सहा गाड्या होत्या, संडास होता, आणि उष्णतेनं माणसं मरतात असं सांगणारा मोठा फलक. बायकोनं त्याचा प्रत्येक शब्द वाचला. मग पाठपिशवीचे पट्टे आवळले. सोळा पौंडांतल्या फक्त दशम्या आणि लाडू आले होते, बाकी सगळं पाणी. साडेसहाला तिघं निघाले. पहिल्या वळणावर मला डॉक्टरची पाठ दिसली, मग बायकोची टोपी, मग नुसता डोंगर.

मी गाडीत बसलो. दार उघडं ठेवून, पाय बाहेर काढून. दुर्बीण आणली होती. पहिला तासभर मला टोपी दोनदा दिसली, किंवा तो खडक होता. मग ऊन चढलं आणि सगळाच डोंगर एका रंगाचा झाला.

साडेआठच्या सुमाराला एक गोरं जोडपं आलं, साठीचं, काठ्या, टोप्या, सगळं नवं कोरं. म्हाताऱ्यानं माझा बूट पाहिला, माझी दुर्बीण पाहिली आणि विचारलं, वर कसं आहे म्हणून.

मी सांगितलं. मी त्यांना वीस मिनिटं सांगितलं. शेवटच्या चढाला हात टेकावे लागतात. माथ्यावर दोन दात आहेत, त्यांच्या मधून वारा असा येतो की माझी टोपी उडाली आणि खाली दरीत एका गरुडानं ती झेलली. एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला मेक्सिको, अगदी स्वच्छ दिवस असेल तर त्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. पाय? हा पाय उतरताना गेला, पण परत विचाराल तर परत जाईन. बाई तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. म्हातारा म्हणाला, तुम्ही कमाल आहात. दोघांनी माझ्याशी हात मिळवला आणि काठ्या टेकत वर गेले.

गोष्ट चांगली झाली होती. गरुड आयत्या वेळी सुचला होता. एरवी अशी गोष्ट जमली की मला दिवसभर चढलेली असते, मी ती संध्याकाळपर्यंत आणखी दोघांना सांगतो आणि प्रत्येक वेळी गरुड मोठा होतो. मी थांबलो, आताही चढतेय का म्हणून. समोरच्या गाडीवर एक चिमणी बसली होती. ती उडाली. मी पाणी प्यायलो.

अकरा वाजले. म्हणजे ती जिथं असेल तिथून वळली असणार. बारा वाजले. मी फोन हातात घेतला, सिग्नल आहे ना ते पाहिलं, खाली ठेवला, पुन्हा घेतला. एक वाजायला पंचवीस मिनिटं असताना वळणावरून नागपूरकर आली. मग डॉक्टर, चेहरा गाजरासारखा लाल, बोलायच्या पलीकडे गेलेला. मग काही वेळ कुणीच नाही. मग टोपी.

तिच्या पँटचा एक गुडघा फाटला होता. हाताला खरचटलेलं. ओठ पांढरे पडले होते. ती आली, गाडीचं मागचं दार वर केलं, कडेवर बसली आणि बूट काढून वाळू झटकली.

“पोचलो,” नागपूरकर म्हणाली. “दहा चाळीसला. काकू पुढं होत्या.”

मी उठून, कडेकडेनं लंगडत मागं गेलो. डॉक्टर आणि नागपूरकर संडासाकडे निघून गेले. मी बायकोच्या शेजारी बसलो. मला तिच्याकडून सगळं हवं होतं. गोऱ्या जोडप्याला सांगितलेलं कितपत जुळतं ते मला बघायचं होतं, आणि पुढच्या वेळेसाठी माल हवा होता. खरा माल थोडा असला की वरचं सगळं उभं राहतं.

“दात केवढे आहेत? जवळून?”

ती पाणी पीत होती.

“वारा होता? हात टेकावे लागले का? आणि काय दिसतं? शहर दिसतं ना एका बाजूला? दुसऱ्या बाजूला काय दिसतं?”

तिनं बाटली खाली घेतली, झाकण फिरवून घट्ट बसवलं.

“आपली गाडी दिसते,” ती म्हणाली.